टूरिंग मोटारसायकलला एलईडी हेडलाइट : एका बदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी बारा वर्षांची, टूरिंगसाठीच बनलेली. पुढे सात इंची गोल डूम (काच आणि रिफ्लेक्टरसह हेडलाइटचा अख्खा भाग), जाड काचेची, आत एच-४ होल्डरचा, म्हणजे दूरचा हाय बीम आणि जवळचा लो बीम एकातच असलेला, ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब. चालक पन्नाशीच्या पुढचे, मागच्या सीटवर बहुतेक वेळा पत्नी, दोन्ही बाजूंना पेट्या आणि वर एक बॅग. चालवण्याचा अनुभव दांडगा. पण लांबच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा हटकून अंधारात यायचा आणि तिथे दोघांचाही जीव टांगणीला लागायचा.

ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. मी या प्रकरणात मध्येच आलो, मल्टिमीटर घेऊन. त्याआधीचा भाग चालकांनी आणि त्यांच्या मिस्त्रींनी सांगितला तसा दिला आहे.

अडचण

तक्रार एका वाक्याची होती : ‘लाइट कमी पडतो.’ या एका वाक्यात निदान चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात. बल्बमधून उजेडच कमी निघतो. उजेड पुरेसा निघतो पण भलतीकडे जातो. उजेड ठीक आहे, पण वयोमानाने डोळ्याला आता जास्त लागतो. किंवा सगळं ठीक आहे, गाडीचा वेग तेवढा उजेडाच्या पुढे पळतोय. प्रत्येकाचा इलाज वेगळा. इथे पहिल्या तीन थोड्याथोड्या प्रमाणात एकत्र होत्या, आणि चौथीबद्दल चालक फारसं बोलायला तयार नव्हते.

निमित्त झालं ते रस्त्याकडेला बंद पडलेल्या एका ट्रेलरचं. मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले. लो बीमवर तो दिसला तेव्हा ब्रेक दाबून थांबायला जागा उरली नव्हती. बाजूने गाडी काढता आली म्हणून निभावलं.

हिशोब मांडला तर यात नवल नाही. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगलं ब्रेकिंग केलं तरी आणखी ४० मीटर. बेरीज पंच्याहत्तरच्या घरात. चालकांच्या अंदाजाने त्यांना लो बीमवर गडद रंगाची वस्तू ३५ ते ४० मीटरवर दिसत होती. म्हणजे त्या वेगात अर्धा रस्ता ते भरवशावर कापत होते.

पहिला उपाय : बल्ब काढला, एलईडी घातला

बहुतेक जण करतात तेच त्यांनीही केलं. एच-४ होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब मागवला. खोक्यावर २०,००० ल्युमेन लिहिलं होतं (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप). मागची रबरी टोपी हीट सिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंखांवर) बसेना, म्हणून तिला मधोमध कापून भोक पाडलं. दहा मिनिटांत काम झालं. पहिल्या रात्री चालक खूश होते. गाडीसमोरचा रस्ता दुधासारखा पांढरा झाला होता.

दुसऱ्याच रात्री समोरून येणारे एकामागून एक डिपर मारू लागले. त्याहून चमत्कारिक म्हणजे, खड्डे जवळून लख्ख दिसत होते, पण दूरचा रस्ता आधीपेक्षा काळा वाटत होता. चालकांनी डूम थोडी वर केली. डिपर वाढले. खाली केली, तर उजेड पुढच्या चाकाजवळ येऊन साचला.

हे असं का झालं ते बल्ब हातात घेतला की कळतं. हॅलोजन एच-४ मध्ये दोन फिलामेंट असतात. हाय बीमची रिफ्लेक्टरच्या नाभीपाशी, लो बीमची तिच्या थोडी पुढे. लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याचा एक छोटा कप असतो. तो खालच्या बाजूचा उजेड अडवतो, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग कामाला लागतो आणि किरण खाली झुकतात. रस्त्यावर जी उजेडाची वरची कड दिसते ती या कपामुळे. फिलामेंटची लांबी पाच-साडेपाच मिलिमीटर, जाडी त्याच्या कितीतरी कमी. रिफ्लेक्टरचा सारा आकार या बारीकशा जागेचा हिशोब धरून काढलेला असतो. एलईडी बल्बमध्ये तिथे पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात. पट्टी जाड, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चिपमध्ये अंतर; उजेड चहूबाजूंनी न निघता दोन दिशांना निघतो; आणि चिपची जागा एखाद्या मिलिमीटरने जरी चुकली तरी बीम विस्कटतो. त्यांच्या बल्बमध्ये कपाची नक्कल होती, पण नावापुरती.

ल्युमेनच्या आकड्याचंही सांगून टाकतो, कारण या बाजारात सगळ्यात जास्त थापा तिथेच चालतात. चांगल्या एलईडीकडून प्रत्यक्ष वापरात वॅटला साधारण १०० ल्युमेन धरावेत. २०,००० ल्युमेन खरोखर हवे असतील तर २०० वॅट, म्हणजे १३ व्होल्टला पंधरा अँपिअर लागतील. आम्ही मीटर लावला तर बल्ब २.३ अँपिअर ओढत होता. म्हणजे ३० वॅट, फार तर ३,००० ल्युमेन. तेही सुरुवातीला. गाडी जागेवर चालू ठेवून भिंतीवर एका ठरावीक जागी लक्समीटर (पडणारा उजेड मोजायचं यंत्र) धरला, तर पंधरा मिनिटांत आकडा जवळपास एक तृतीयांशाने उतरला. चिप तापली की बल्बमधला ड्रायव्हर, म्हणजे चिपला करंट पुरवणारं सर्किट, स्वतःच करंट कमी करतो. पहिल्या पाच मिनिटांत खूश होऊन घरी जाणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

‘जवळ लख्ख, लांब काळं’ यालाही कारण आहे. समोरच्या दहा-पंधरा मीटरवर झगझगीत उजेड पडला की डोळा त्यालाच सरावतो आणि लांबचा अंधुक भाग त्याला दिसेनासा होतो. मनाला मात्र वाटतं, लाइट मस्त आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा सौदा वाईटच, कारण माणूस त्या समाधानात वेग वाढवतो. इथे तसं झालंही होतं. पत्नीने ते आम्हाला सांगितलं, चालकांनी नाही.

मोजमाप

एलईडी काढून जुना हॅलोजन परत घातला आणि इंजिन चालू ठेवून मोजायला बसलो. बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट. बल्ब जळत असताना त्याच्या कपलरवर (वायर जोडायच्या प्लगवर) १२.२. वाटेत १.९ व्होल्ट गायब.

हॅलोजनच्या बाबतीत हा फरक वरवर दिसतो तेवढा लहान नसतो, कारण उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, सुमारे ३.४ व्या घाताने बदलतो. एच-४ बल्बचे नियमातले आकडे, लो बीमला १,००० आणि हाय बीमला १,६५० ल्युमेन, हे १३.२ व्होल्टला धरलेले आहेत. १२.२ व्होल्टला लो बीमच्या हजाराचे साडेसातशेच्या आसपास उरतात. म्हणजे बल्ब चांगला असूनही चौथा हिस्सा उजेड वायरिंगच खात होतं.

मग हे १.९ व्होल्ट नेमके कुठे मुरतात ते शोधलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी कपलरच्या अर्थिंगवर (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरवर) : ०.७. म्हणजे तक्रारीचा मोठा वाटा अर्थिंगचा होता, ज्याकडे कुणी बघतच नाही. स्टिअरिंगच्या मानेजवळ अर्थिंगची रिंग एका बोल्टखाली दाबलेली होती. बोल्ट सोडवला तर रिंगेवर हिरवट पांढरा थर, आणि तिच्यात दाबलेली तार टोकाला काळी पडून ठिसूळ झालेली. हाताने हलवली तर चार-पाच तंतू तुटून हातात आले. उरलेले १.२ व्होल्ट पॉझिटिव्हच्या बाजूला : हँडलवरचा डिपर स्विच, दोन कपलर आणि बारीक वायर. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट त्या स्विचमधून फिरून येतो. बारा वर्षांनी त्याचे कॉन्टॅक्ट झिजणारच.

तिसरी गोष्ट मिस्त्रींनी दाखवली. डूम काढून उजेडात तिरकी धरली आणि म्हणाले, “साहेब, खालून डूम काळी पडलीय बघा.” खरंच, रिफ्लेक्टरचा खालचा भाग निस्तेज झाला होता आणि वरच्या भागावर फुंकर मारल्यासारखी धुरकट छटा होती. कापलेल्या रबरी टोपीतून ओल शिरली त्याचा यात हात असेल, पण बराचसा दोष वयाचा.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय : हॅलोजनच ठेवायचा, पण बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर थेट डूमपर्यंत आणायची, मध्ये दोन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) घालायचे, अर्थिंग नव्याने बांधायचं आणि अलाइनमेंट करायची, म्हणजे बीमची दिशा जुळवायची. जुना स्विच मग फक्त रिलेची कॉइल चालवतो. हा सगळ्यात कमी आकर्षक आणि माझ्या मते बहुतेक जुन्या गाड्यांसाठी सगळ्यात शहाणा उपाय.

दुसरा : जास्त चांगला एलईडी बल्ब शोधायचा. असे बल्ब आहेत हे खरं. पट्टी पातळ, चिप फिलामेंटच्या मापाची, कप व्यवस्थित. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना रस्त्यावर वापरायची मान्यताही मिळाली. पण ती मान्यता कशी आहे बघा : बल्बला सरसकट नाही, तर ‘अमुक गाडीच्या अमुक डूममध्ये’ अशी यादी देऊन. कारण तेच, प्रत्येक रिफ्लेक्टरचा हिशोब वेगळा. आमची डूम अशा कुठल्याच यादीत नव्हती, आणि बहुतेक देशांत हॅलोजन डूममध्ये एलईडी बल्ब घालणं नियमात बसत नाही. शिवाय रिफ्लेक्टर काळा पडलेला. त्यात कितीही चांगला बल्ब घातला तरी फायदा कुठला?

तिसरा : अख्खी डूमच एलईडीची घ्यायची, जिच्यात चिप, लेन्स, हीट सिंक सगळं एकत्र जुळवलेलं असतं. इथे गाडीचं नशीब चांगलं. सात इंची गोल माप अमेरिकेत १९४० मध्ये प्रमाण म्हणून ठरलं आणि तेव्हापासून असंख्य गाड्यांवर चालत आलंय, त्यामुळे या मापात निवड भरपूर. डूमचा आकार गाडीपुरताच असता तर हा पर्याय बादच होता.

चौथा : डूमला हात न लावता क्रॅश गार्डवर दोन जादा एलईडी लावायचे. त्यांचा उपयोग नक्की आहे, पण लो बीमची दुरुस्ती त्यांनी होत नाही. समोरून गाडी आली की ते बंदच करावे लागतात आणि नेमकी गरज तेव्हाच असते.

पाचवा पर्याय पत्नीने मांडला : दिवसाचा टप्पा कमी करायचा आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. बैठकीत या सूचनेला सगळे हसले, पण सगळ्यांत खात्रीचा पर्याय तोच होता. तो कागदावर बाकीच्यांच्या बरोबरीने लिहिला गेला, याचं श्रेय मिस्त्रींना.

निर्णय, दोन टप्प्यांत

आधी रिले आणि अर्थिंग करायचं ठरलं. एलईडी घ्यायचीच असली तरी हे काम वाया जाणार नव्हतं, आणि हॅलोजन पूर्ण व्होल्टेजवर कसा चालतो हे पाहिल्याशिवाय एलईडीची तुलना कशाशी करणार? त्यानंतर कपलरवर १३.७ व्होल्ट मिळाले. त्याच बल्बचा उजेड जवळपास दीडपट. जास्त व्होल्टेजवर हॅलोजनचं आयुष्य घटतं हे खरं, पण जादा बल्ब बरोबर बाळगणं अवघड नाही.

इथे थांबायचं का, हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. मी थांबा म्हणालो असतो, रिफ्लेक्टर चांगला असता तर. तो बदलायचा तर होताच. हॅलोजनची नवी डूम की एलईडीची, एवढाच प्रश्न उरला. चालकांनी एलईडी निवडली. त्यांचं म्हणणं, डूम एकदाच बदलायची तर आजची घ्यावी. यात चूक काही नाही.

डूम निवडताना आम्ही ल्युमेनकडे पाहिलंच नाही. तीन गोष्टी पाहिल्या. काचेवर मान्यतेची खूण आहे का : वर्तुळातला ‘ई’ आणि त्यापुढे आकडा, जो मान्यता देणारा देश सांगतो, १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. रंग ५,००० केल्विनच्या आसपास आहे का, कारण ६,५०० ची निळसर झाक समोरच्याला जास्त टोचते. आणि बीम कुठल्या बाजूच्या वाहतुकीचा आहे.

या तिसऱ्या गोष्टीवर पहिली डूम परत गेली. लो बीमची कड बहुधा सपाट नसते. रस्त्याच्या कडेच्या बाजूला ती वर चढते, म्हणजे कडेची माणसं आणि पाट्या लवकर दिसतात. डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशासाठीच्या डूमवर काचेवर आडवा बाण कोरलेला असतो, डूमकडे तोंड करून पाहणाऱ्याच्या उजवीकडे वळलेला. उजवीकडून चालणाऱ्या देशांच्या डूमवर बाण नसतो. काही मोटारसायकल डूमचा बीम दोन्ही बाजूंना सारखा आणि सपाट असतो. तिथेही बाण लागत नाही, त्यामुळे बाण नाही एवढ्यावरून निकाल लावता येत नाही. आलेल्या डूमवर बाण नव्हता. बॅटरीला जोडून भिंतीवर बीम पाडला, तर कड उजवीकडे वर चढत होती. ती गाडी डाव्या बाजूने चालणार होती. तो चढता उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. खोक्यात परत भरली. हे भिंतीवर पाडून बघायला दोन मिनिटं लागतात. डूम गाडीत बसवल्यावर, वायरिंग आवळल्यावर कळलं असतं तर कुणी काढली नसती.

बसवताना

रिंग जुनीच बसली. अडचण मागे आली. एलईडी डूमचा हीट सिंक खोल, आणि हेडलाइटच्या वाटीत आधीपासून डझनभर कपलर कोंबलेले. डूम दाबून बसवली तर वायरी हीट सिंकच्या पंखांना टेकत होत्या. मिस्त्रींनी सगळे कपलर बाहेर काढून वाटीच्या खालच्या अंगाला बांधले, हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून कुठली वायर ताणली जात नाही ना ते पाहिलं, मग डूम बसवली. पूर्ण काम दोन तासांचं. त्यातला दीड तास याच बांधाबांधीत गेला आणि तो गेला ते बरं झालं.

मूळ कपलर कापायचा नाही हा नियम आम्ही पाळला. नव्या डूमला एच-४ चाच प्लग होता, त्यामुळे जुनी डूम कधीही परत लावता येईल.

अलाइनमेंट

सगळ्यात जास्त फरक याने पडला. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी, सपाट जमीन, टायरमध्ये हवा बरोबर, चालक बसलेले, पत्नी मागे, पेट्या प्रवासात असतात तशा भरलेल्या. डूमच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली, तिच्या खाली सहा सेंटिमीटरवर दुसरी रेघ. लो बीमची कड या दुसऱ्या रेघेवर आणायची. पाच मीटरला सहा सेंटिमीटर म्हणजे १.२ टक्के उतार. डूम जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर होती, म्हणजे बीमची कड पंच्याहत्तर मीटरवर जमिनीला टेकते. वरच्या थांबण्याच्या अंतराशी हा आकडा जुळवूनच घेतला होता.

भरलेल्या गाडीवरच मोजायचा हट्ट का? चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं आणि सामान-पिलियनमुळे मागची बाजू पुढच्यापेक्षा २६ मिलिमीटर जास्त दबली, तर गाडीचं नाक एक अंश वर होतं. एक अंश म्हणजे पावणेदोन टक्के. रिकाम्या गाडीवर नेमका लावलेला १.२ टक्के उताराचा बीम त्या क्षणी अर्धा टक्का वर बघायला लागतो. समोरच्यांचे डिपर येणारच, मग डूम हॅलोजनची असो की एलईडीची. एलईडीची कड सुरीसारखी धारदार असल्याने एवढीशी चूकही झाकली जात नाही.

चालक बऱ्याचदा एकटेही जातात. तेव्हा नाक खाली येतं आणि लांबचा उजेड कमी होतो. दर वेळी डूमचा स्क्रू फिरवण्यापेक्षा मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) बदलून दोन्ही वेळा कड त्याच रेघेवर येते का ते पाहिलं. आली. प्रीलोडच्या नॉबवर पेंटने दोन ठिपके दिले : एक एकट्याचा, एक दोघांचा. हँडलिंगच्या दृष्टीनेही प्रीलोड तसा बदलायलाच हवा असतो, म्हणून यात जादा काम असं काही नाही.

निकाल

समोरचे डिपर थांबले. लो बीमवर कडेचा भाग आधीपेक्षा बराच रुंद दिसतो, आणि गडद वस्तू चालकांच्या अंदाजाने साठ-सत्तर मीटरवर ओळखू येते. त्यातला किती वाटा एलईडीचा, किती अलाइनमेंटचा? प्रामाणिक उत्तर : वेगळं करून सांगता येत नाही, पण अलाइनमेंटचा वाटा मी तरी लहान धरणार नाही.

काही गोष्टी आधीपेक्षा बिघडल्याही. वळणावर गाडी झुकली की बीमची कडही झुकते आणि वळणाच्या आतल्या बाजूला अंधार होतो. हॅलोजनमध्येही हे होतंच, पण त्याची कड मऊ, थोडा सांडलेला उजेड तिथे पडायचा. एलईडीत पडदा ओढल्यासारखं होतं. घाटात चालक आता वेग कमी ठेवतात. याला दुसरा इलाज नाही. पावसात ओल्या डांबरावर पांढरा उजेड कमी वाटतो अशीही त्यांची तक्रार आहे. आणि दमट पहाटे काचेवर आतून धुकं धरतं. हॅलोजन बल्ब समोर भरपूर उष्णता फेकतो, काच तापून कोरडी होते. एलईडीची उष्णता मागच्या हीट सिंकमधून जाते, काच थंडच राहते. बर्फ पडतो त्या भागात हीच अडचण मोठी होते, काचेवर साचलेला बर्फ वितळत नाही.

विजेची बचत झाली, लो बीमला वीसेक वॅटची. गरम ग्रिप लावायच्या तर ती कामी येईल. पण ‘लोड कमी झाला, आता स्टेटर जास्त टिकेल’ हे जे ऐकायला मिळतं ते या गाडीला लागू नाही (स्टेटर म्हणजे इंजिनवर वीज तयार करणारी कॉइल). तिच्यात शंट प्रकारचा रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) आहे. तो न लागणारा करंट परत स्टेटरमधूनच फिरवून जिरवतो, त्यामुळे दिव्याने कमी घेतलं तरी स्टेटरचं तापणं जवळपास तेवढंच. सिरीज प्रकारचा रेग्युलेटर असता तर गोष्ट वेगळी.

चालकांनी डोळेही तपासून घेतले. चष्म्याचा नंबर बदलला होता आणि जुन्या काचांवर चरे होते. हे सगळ्यात आधी व्हायला हवं होतं, पण कुणाला सुचलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा झाला, हे उघड आहे. डोळे, व्होल्टेज, अलाइनमेंट आणि मग खरेदी, असं झालं असतं तर पहिला बल्ब घेतलाच नसता आणि रबरी टोपी शाबूत राहिली असती. मात्र रिफ्लेक्टर काळा पडला होता, त्यामुळे शेवटी डूम बदलावीच लागली असती. रिफ्लेक्टर चांगला असलेल्या गाडीला हे प्रकरण जसंच्या तसं लावू नये. तिथे रिले, अर्थिंग आणि भिंतीवरच्या दोन रेघांवर काम भागण्याची शक्यता बरीच आहे.

नवी डूम घेण्यापूर्वी नियमाची चौकशी आणखी नीट करायला हवी होती. मान्यतेची खूण डूमला असते. ती तुमच्या गाडीवर चालते का हे ज्या त्या देशाचा वाहन कायदा आणि तपासणी ठरवते. इथे अडचण आली नाही. दुसऱ्याला येऊ शकते, विशेषतः सीमा ओलांडून फिरणाऱ्याला, कारण बाजू बदलली की बीमची चढती कडही उलटी पडते.

वाटेत दिवा गेला तर काय, यावर आमचं एकमत झालं नाही. एच-४ बल्ब कुठेही मिळतो आणि रस्त्याच्या कडेला बदलता येतो. एलईडी डूममधला ड्रायव्हर गेला तर अख्खी डूम गेली, आणि ती वाटेत मिळेलच असं नाही. माझं मत, क्रॅश गार्डवर खाली झुकवलेला एक छोटा दिवा स्वतंत्र फ्यूजवर ठेवावा, निदान मुक्कामापर्यंत हळूहळू पोहोचता येईल. चालकांना गाडीवर आणखी वायर नको आहे. दौरा मोठा असेल तर जुनी डूम कपड्यांत गुंडाळून पेटीत टाकायची असं त्यांनी ठरवलंय. जागा जाते, काच फुटायची भीती आहे, पण त्यांची गाडी, त्यांचा निर्णय.

रिलेचंही तसंच. एलईडी अडीच अँपिअरच ओढते, त्यामुळे जाड वायर आणि रिलेची आता गरज नाही. उलट बिघडू शकणारे दोन भाग जास्तीचे झाले. मी ते काढा म्हणालो. मिस्त्री नाही म्हणाले. जुनी डूम परत लावायची वेळ आली तर हॅलोजनला ते लागतीलच, आणि काही एलईडी डूम लावल्या की लो बीमवरही मीटरमधला निळा हाय बीमचा दिवा मंद पेटलेला दिसतो, रिले मध्ये असल्याने उलटा येणारा करंट तिथपर्यंत पोहोचत नाही. मुद्दा बरोबर होता. रिले जागेवर आहेत, फक्त त्यांच्यावर पाणी पडू नये म्हणून तोंड खाली करून टाकीखाली बांधले आहेत.